सुईवर मतदान

आमच्या घरात मुलीला इंजेक्शन द्यायला दोन माणसं लागायची. एक धरायला आणि एक टोचायला. धरायचा नितीन, माझा नवरा. टोचायचे मी, तिची आई. सासूबाई आमच्याकडे पाठ करून ओट्यापाशी उभ्या राहायच्या. आणि आमच्या दोघांच्या हातापायांमध्ये अडकलेली पाच वर्षांची रेवा ओरडत असायची, "मी हो म्हटलं नाही. मी हो म्हटलं नाही."

ते वाक्य मीच तिला शिकवलं होतं.

रेवाला टाइप वन डायबेटीस आहे. तिचं शरीर इन्सुलिन बनवत नाही, म्हणून ते रोज बाहेरून द्यावं लागतं, जेवणाआधी आणि झोपायच्या वेळी. त्याआधी बोटाला टोचून साखर बघायची. याला गोळीचा पर्याय नाही आणि सणावाराची सुट्टीही नाही. वैद्यकीय माहिती एवढीच देते, बाकीची तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. मी लिहितेय ते त्या आईबापांसाठी, ज्यांचं मूल रोज नको म्हणतं आणि ज्यांना तरीही रोज टोचावं लागतं.

*

माझे वडील सातपूरला कारखान्यात होते आणि युनियनमध्ये होते. आमच्या घरी खेळण्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरं ओळखायला शिकले ती पत्रकांच्या मथळ्यांवरून, आणि पत्रकांना घड्या घालणं हे मला जमलेलं पहिलं काम. ज्याच्याबद्दल निर्णय घ्यायचा त्याला विचारल्याशिवाय तो घ्यायचा नाही, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. पुढे मीही पत्रकं लिहिली, वाटली, त्यावरून भांडले.

नितीनशी लग्न करून मखमलाबादला आले तेव्हा एक सवय बरोबर आणली, रविवारची बैठक. सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांनी बसायचं. विषय कुणीही मांडावा आणि निकाल हात वर करून. सासूबाई आधी हसल्या. त्या झेंडू आणि निशिगंध लावतात, पहाटे फुलबाजारात जाऊन व्यापाऱ्यांशी हुज्जत घालतात, त्यांना हा खेळ वाटला. पण टीव्ही कधी बंद करायचा यावर त्यांचा ठराव मंजूर झाला, तेव्हापासून त्या वेळेवर येऊन बसू लागल्या. रेवा बोलायला लागल्यावर तिलाही मत मिळालं. एकदा तिने आजीला फितवून दुधी भोपळ्याविरुद्ध बरोबरी साधली. बरोबरी म्हणजे ठराव पडला, असा आमचा नियम. पण तिचं तोंड बघून नितीन म्हणाला, "जाऊ दे, मी हात बदलतो." दुधी बंद झाला. तिचा बैठकीवर विश्वास बसला तो असा.

*

उन्हाळ्यात ती सारखं पाणी पिऊ लागली. सासूबाई म्हणाल्या, "ऊन लय हाय, पोरं पितातच पाणी." मलाही पटलं. मग ती पुन्हा अंथरुणात शू करू लागली, तेव्हा मी मानसिक कारणं शोधत बसले. ती वाळत चालली होती, तेव्हा आम्ही म्हटलं उंची वाढतेय. एका सकाळी ती उठलीच नाही नीट. पळून आल्यासारखी धापा टाकत होती आणि तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. जवळच्या डॉक्टरांनी वास घेतला, बोटाला टोचलं, यंत्राकडे बघितलं आणि चिठ्ठी लिहायच्या आधीच म्हणाले, "रिक्षा थांबवून ठेवा."

द्वारका चौकात रिक्षा अडकली. पुढे ट्रक, मागे बस, आणि माझ्या मांडीवर तो श्वास. मला सगळ्या जगाचा राग आला होता. सिग्नलचा, ट्रकवाल्याचा, स्वतःचा. रिक्षावाला मात्र उतरला, पुढच्या दोन गाड्यांना हात जोडून सरकायला लावलं आणि परत येऊन बसला. त्याचा चेहरा मला आठवत नाही. पाठ आठवते.

अतिदक्षता विभागाच्या बाहेर डॉक्टर मॅडम आमच्याशेजारी बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "ती यातून बाहेर येईल. पण इन्सुलिन कायम लागणार."

नितीन म्हणाला, "कायम म्हणजे मोठी होईपर्यंत?"

"मोठी झाल्यावरसुद्धा."

तो उठून पाणी आणायला गेला आणि बाटली न भरताच परत आला.

*

वॉर्डात सिस्टर मुलांना सांगायच्या, "मुंगी चावेल फक्त." मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "सिस्टर, दुखेल असं सांगा. तिला खोटं सांगू नका."

"मॅडम, दुखेल म्हटलं की पोरं हात देत नाहीत."

"नाही देऊ देत. विचारून घ्या."

सिस्टरांनी माझ्याकडे दमलेल्या डोळ्यांनी बघितलं आणि रेवाला विचारलं, "देऊ का गं?" रेवा म्हणाली, "नको. मी हो म्हटल्याशिवाय माझ्या अंगाला हात लावायचा नाही." शेजारच्या खाटेवरची बाई हसली. मला खरं सांगायचं तर अभिमान वाटला. मग सिस्टरांनी मला बाजूला केलं, दुसऱ्या सिस्टरला धरायला बोलावलं आणि इंजेक्शन दिलं. अभिमान तिथेच संपायला हवा होता.

घरी आल्यावर ती दुसरी सिस्टर म्हणजे नितीन झाला.

रेवा पलंगाखाली जायची. बाथरूमची कडी लावून घ्यायची. आम्ही कडी काढून टाकली. मोबाइलवर कार्टून लावलं, तर कार्टूनचं गाणं सुरू होताच ती रडू लागायची, कारण गाण्यामागून काय येतं ते तिला कळलं होतं. आणि मी मूर्खासारखी प्रत्येक वेळी विचारायचे, "रेवा, देऊ का?" ती नाही म्हणायची. आम्ही द्यायचो. दिवसातून कितीदा तरी मी तिला प्रश्न विचारायचे आणि उत्तर पायाखाली घालायचे.

नितीन शिफ्टवरून आला की ती त्याच्याजवळ जाईना. एकदा तो जेवता जेवता म्हणाला, "कंपनीत मी अख्खा दिवस मशीन धरतो आणि घरी येऊन पोरीला. ती मला बघून पाय पोटाशी घेते." मग त्याने ताट सरकवलं. आमचं त्या दिवसांत इतकंच बोलणं व्हायचं.

*

अशात नितीनचे एक मामा दिंडोरीहून बघायला आले. हातात द्राक्षांची पेटी. माणूस प्रेमाने आला होता, पण रेवा त्या पेटीकडे बघत बसली आणि मी ती उचलून माळ्यावर टाकली.

मामा म्हणाले, "आमच्याकडं एक बाबा हायेत. काढा देतात. महिन्यात सुई बंद. आणि हे बघा, पोरीची जात हाय, बाहेर जास्त बोलू नका. पुढं लग्नाला नडंल."

सासूबाई पुढे सरकून बसल्या. "खरंच बंद होती का सुई?"

"माझ्या डोळ्यांदेखत झाली."

मी म्हटलं, "मामा, त्या काढ्याने सुई बंद होत नाही, श्वास बंद होतो. आणि लग्नाचं म्हणाल तर तिला आधी सहा वर्षांची होऊ द्या."

मामा सासूबाईंना म्हणाले, "अक्का, शिकलेल्या पोरी लय तोडून बोलतात."

मी जे बोलले त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. तुमच्याकडेही असा काढा घेऊन कुणीतरी येईल. त्याला चहा द्या आणि दारापर्यंत सोडून या. इन्सुलिन एक दिवससुद्धा बंद करू नका. पण मी मामांकडे बघून बोलत होते आणि ऐकत होती रेवा. तिने सगळ्या संभाषणातून दोनच शब्द उचलले. सुई बंद.

*

रविवारी चहा झाल्यावर तिने हात वर केला. "माझा विषय आहे. सुई बंद करायची आणि त्या बाबांचा काढा प्यायचा."

नितीनने माझ्याकडे बघितलं. "हा विषय घ्यायचा का?"

तिथे मी नाही म्हणायला हवं होतं. पण मांडलेला विषय दाबायचा नाही हे माझ्या रक्तात होतं, आणि दुसरं असं की मी मनात हात मोजले होते. तीन विरुद्ध एक. ती हरेल, नियम तिला मान्य आहेत, मग सुईही मान्य होईल. मला वाटलं, धरायचा प्रश्न आज सुटला.

"मांडलाय तर घेऊ," मी म्हटलं.

मी चांगलं भाषण केलं. इन्सुलिन म्हणजे काय, काढ्याने काय होईल. तिच्या वयाला समजेल असं, खोटं न सांगता. रेवाने शांतपणे ऐकलं. मग नितीन म्हणाला, "सुई बंद करायच्या बाजूने कोण?"

रेवाचा हात वर गेला. मग बांगड्या वाजल्या. सासूबाईंचाही हात वर होता.

"आई?" नितीन म्हणाला.

"बघू तर एकदा देऊन काढा. पोर रोज ऊर फुटेस्तोवर रडती. तुम्ही दोघं धरता, मी भिंतीकडं बघती. मला नाय होत."

रेवाने बोटाने हात मोजले. "दोन आणि दोन. आता बाबा हात बदलेल ना? दुधीच्या वेळेसारखा?"

नितीन खाली बघत होता.

"नाही बदलणार," मी म्हटलं. "सुई द्यावीच लागेल, रेवा."

नाश्त्याची वेळ झालीच होती. नितीनने तिला धरलं आणि मी इंजेक्शन दिलं. त्या दिवशी ती ओरडली नाही, हललीही नाही. मी नितीनला नजरेने म्हटलं, बघ, जमलं.

मग मी पोह्यांची ताटली पुढे केली आणि तिने ओठ मिटले.

आत इन्सुलिन गेलेलं आणि पोटात काही नाही, म्हणजे रक्तातली साखर झपाट्याने खाली जाणार. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना पुढचं सांगायला नको. मी विनवलं. नितीनने घास तोंडाशी नेला. सासूबाईंनी गोष्ट सुरू केली. ती मान फिरवत राहिली. थोड्या वेळाने कपाळावर घाम आला, बोटं थरथरायला लागली, ओठ पांढरे पडले, आणि तरी ते मिटलेलेच. मी साखरेचं पाणी केलं. नितीन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "रेवा, मी पाया पडतो. पी." तो रडत होता. तिने त्याला असं कधी बघितलं नव्हतं. मला वाटतं त्या आश्चर्यानेच तिचं तोंड उघडलं. चमचा आत गेला. मग दुसरा. मग तिने वाटीच हातात घेतली.

सासूबाई म्हणाल्या, "ही सुईच एक दिवस घात करंल."

रंग परत आल्यावर रेवा आजीच्या मांडीवर पडून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आई, आपले तीन हात असते तरी तू दिलंच असतं ना?"

"हो."

"मग हात वर कशाला करायला लावले?"

मी काही वर्षांपूर्वी एक पत्रक लिहिलं होतं, जमिनी घेण्याआधी होणाऱ्या सरकारी सुनावण्यांबद्दल. निर्णय झालेला असतो, नकाशे छापलेले असतात, मग लोकांना मंडपात बोलावून मत विचारतात आणि चहा पाजून परत पाठवतात. मी त्याला फसवणूक म्हटलं होतं आणि आजही म्हणते. पाच वर्षांच्या मुलीने तोच प्रश्न मला माझ्याच घरात विचारला.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे डॉक्टर मॅडमकडे गेलो. सासूबाईंनाही नेलं. मॅडमनी आधी मला एक गोष्ट सांगितली जी मी फार आधी विचारायला हवी होती. मूल जेवेल की नाही याची खात्री नसेल, तर जेवल्यावर लगेच इंजेक्शन देता येतं. किती आणि कसं ते त्यांनी ठरवून दिलं. तुमच्या मुलासाठी तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण विचारा. न विचारल्यामुळे आमच्याकडे काय झालं ते वर लिहिलंय.

मग सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, सुई नाय दिली तर काय व्हईल? खरं सांगा."

"आजी, तिला इथे आणलं तेव्हा ती श्वास कसा घेत होती, आठवतं?"

सासूबाईंनी मान हलवली.

"तसंच होईल. आणि पुढच्या वेळी रिक्षा वेळेवर पोचेल याची खात्री नाही."

घरी आल्यावर सासूबाई माळ्यावरून द्राक्षांची पेटी काढून शेजारी देऊन आल्या. मामांचा फोन आला तेव्हा एवढंच म्हणाल्या, "नको भाऊ, आमचं ठरलंय."

मी रेवाला समोर बसवलं. "सुई हा विषय बैठकीत येणार नाही. मी तो घेतला ही माझी चूक."

"कोणी ठरवलं?"

"मी आणि बाबाने. आम्ही मोठे आहोत आणि तू जगायला हवीस, म्हणून."

असं वाक्य मी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. मोठे आहोत म्हणून. याच वाक्याविरुद्ध मी वाढले. पण ते निदान खरं होतं. मी पुढे म्हटलं, "मी आता देऊ का असं विचारणार नाही. तू नाही म्हणालीस तरी द्यायचंच असेल तर विचारणं खोटं आहे. जे खरंच तुझ्या हातात आहे तेवढंच विचारीन."

"काय आहे माझ्या हातात?"

कोणतं बोट. कोणती मांडी, की पोट. एक-दोन-तीन कोण म्हणणार. शेजारी कोण बसणार. ती विचार करून म्हणाली, "आजीने भिंतीकडे नाही बघायचं. माझ्याकडे बघायचं. आणि बाबाने धरायचं नाही."

"तू हललीस तर सुई लागेल."

"मग मीच मला धरीन."

लगेच जमलं असं मी लिहिणार नाही. कितीदा तरी तिने स्वतःला धरलं आणि ऐन वेळी सोडलं, आणि नितीनला पुढे यावं लागलं. पण आता तो आधी सांगायचा, "रेवा, मी धरतोय." सासूबाई समोर बसून बघायच्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि रेवाच त्यांना म्हणायची, "झालं आजी, झालं."

*

माझे वडील सिडकोतून भेटायला आले. ती त्यांना नाना म्हणते. तिने त्यांच्यापुढे माझी रीतसर तक्रार मांडली. "नाना, मला पटत नाही तरी देतात."

"मग तुझा विरोध नोंदव."

"म्हणजे?"

"कमिटीत एखादा ठराव झाला आणि आपल्याला पटला नाही, तर आपण उठून म्हणायचं, माझा विरोध नोंदवा. मग हा माणूस हो म्हणाला होता, असं पुढे कुणाला म्हणता येत नाही."

"मला लिहिता नाही येत."

"तोंडी चालतो."

"मग काम थांबतं?"

"नाही थांबत."

"मग उपयोग काय?"

माझ्या वडिलांचं आयुष्य अशा बैठकांमध्ये गेलं आहे आणि त्यांतले बरेचसे ठराव त्यांच्या मनाविरुद्ध झाले. ते म्हणाले, "झोप बरी लागते."

त्या संध्याकाळी मी इंजेक्शन तयार केलं. रेवाने डावी मांडी निवडली, फ्रॉक वर केला आणि मोठ्याने म्हणाली, "विरोध."

"नोंदवला," मी म्हटलं आणि टोचलं.

तेव्हापासून तेच चाललं. कधी चिडून, कधी रडत, कधी नुसतं पुटपुटत. मी बाहेर असले की सासूबाई देतात, त्याही शिकल्या. "नोंदीवला गं माझे माय," म्हणतात आणि मग एक-दोन-तीन. पाहुण्यांना हे विचित्र वाटतं. एकीने विचारलं, "असं रोज नको म्हणायला शिकवलं तर तिला सवय कधी होणार?" मी म्हटलं, सुईची सवय होऊ दे. तिच्या मनाविरुद्ध कुणी तिच्या अंगाशी काही करावं याची सवय मला तिला लावायची नाही.

आता मोठ्या तोंडाने हे लिहिते खरी, पण भीती गेलेली नाही. शाळेत तिच्या डब्याजवळ कोण बसणार हे अजून ठरत नाही. बाईंना शिकवावं लागेल, मुख्याध्यापकांशी भांडावं लागेल, ते मी भांडीन. रात्री तिचा श्वास ऐकायची खोड मला लागली आहे. आणि कधीतरी ती तेरा-चौदा वर्षांची होईल, सुई तिच्याच हातात असेल, आणि तेव्हा ती खरोखर नाही म्हणाली तर धरायला कुणीही नसेल. या आजाराचं मला सगळ्यात जास्त भय तेच आहे. म्हणून मला ती दबलेली नको आहे, पटलेली हवी आहे. आणि पाच वर्षांच्या मुलीला हे पटणं शक्य नाही, हेही मला कळतं.

परवा जेवण झाल्यावर ती स्वतःच येऊन बसली. पोट निवडलं. एक-दोन-तीन तिनेच म्हटलं आणि माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिली. मी थांबले. हेच तर हवं होतं आम्हाला, न रडता, न धरता. पण माझा हात पुढे जाईना.

"रेवा, आज विरोध नाही का?"

ती वैतागून म्हणाली, "कालचा विरोध संपलाय का?"

"नाही," मी म्हटलं, आणि सुई लावली.